शंभर टनांची प्रेस, पण टन कोणता?

चेन्नईच्या पश्चिमेकडची अंबत्तूर औद्योगिक वसाहत १९६४ची. १९४९ मध्ये मुरुगप्पा समूह आणि ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सनी मिळून स्थापन केलेल्या टीआय सायकल्सचा कारखानाही याच अंबत्तूरचा. सायकल असो वा मोटार, पत्र्याचे सुटे भाग पॉवर प्रेसवर निघतात आणि प्रेसची ताकद टनांत सांगतात.

पण टन तीन आहेत. मेट्रिक टन १,००० किलोंचा, ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, अमेरिकी टन २,००० पौंडांचा. त्यामुळे ‘१०० टन’ म्हणजे अनुक्रमे ९८१, ९९६ किंवा ८९० किलोन्यूटन.

समजा, ३ मिमी जाड पत्र्यातून ३०० मिमी व्यासाची चकती कापायची आहे. चकतीचा परीघ ९४२ मिमी. त्याला जाडीने आणि पोलादाच्या कर्तनबलाने, म्हणजे दर चौरस मिमीला ३२० न्यूटनने गुणलं की उत्तर येतं ९०५ किलोन्यूटन, अर्थात सुमारे ९२ मेट्रिक टन. शंभर टनी मेट्रिक प्रेस हे काम जेमतेम पेलेल. प्रेस अमेरिकी मापाची असेल, तर पहिल्याच ठोक्याला तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार येईल.

रूपांतराचे आकडे मोजकेच आहेत. एक किलोग्रॅम-बल म्हणजे ९.८०६६५ न्यूटन, एक पौंड-बल म्हणजे ४.४४८ न्यूटन. भारतीय पोलादाच्या नावांतही हा हिशेब दिसतो. जुन्या मानकातलं ‘एसटी ४२’ दर चौरस मिमीला ४२ किलोग्रॅम-बल ताण सोसायचं. त्याचे न्यूटन होतात ४१२, म्हणून पुढे नाव आलं ‘एफई ४१०’.

९.८०६६५ हा आकडा म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं प्रमाण मूल्य, ते १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं. न्यूटन हे नाव अधिकृत झालं १९४८ मध्ये. प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षण जागेनुसार बदलतं. विषुववृत्ताजवळच्या चेन्नईत त्याचं मूल्य सुमारे ९.७८३ आहे. अंबत्तूरमध्ये टांगलेलं १,००० किलोंचं वजन त्यामुळे ९,८०७ नव्हे, तर ९,७८३ न्यूटनने खाली खेचतं. फरक पाव टक्क्याच्या आतला आहे. प्रेसवर तो जाणवत नाही, पण ०.५ वर्गाच्या ताण-चाचणी यंत्राला एकूण चूक माफ असते ती अर्ध्या टक्क्याचीच. तिचा जवळपास निम्मा वाटा इथेच खर्च होतो, म्हणून वजनं टांगून यंत्र पडताळताना त्या गावचं गुरुत्वमूल्य हिशेबात धरावं लागतं.