मुष्टियुद्धाची तालीम आणि तरुणांचे वळण

"पोरगा आधीच तापट. त्यात त्याला ठोसे मारायला शिकवायचे, म्हणजे आगीत तेलच की हो!" तालमीचा विषय निघाला की आईबाप असे म्हणतात, आणि शाळेतले गुरुजीही म्हणतात. शंका खोटी नाही. तिच्याकडे हसून पाहणाऱ्यांपैकी मी नाही. पण तिचे उत्तर द्यायचे तर तालमीत नेमके काय चालते ते आधी पाहिले पाहिजे.

आष्टीसारख्या आपल्या गावांना आखाडा काही नवा नाही. नागपंचमी म्हणजे आखाड्याची पूजा आणि कुस्त्यांची दंगल. (आष्टीकरांना या सणाची आणखी एक आठवण आहे. १६ ऑगस्ट १९४२ या दिवशी नागपंचमीच होती, आणि ठाण्यावर तिरंगा लावायला निघालेल्या लोकांवर त्या दिवशी गोळीबार झाला. तो विषय मात्र स्वतंत्र भाषणाचा.) शेजारी अमरावतीला १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथल्या लोकांना करून दाखविले. तेव्हा माती, लंगोट, वस्ताद हे शब्द तुम्हांला समजावून सांगायला नकोत. पोरे ज्याला बॉक्सिंग म्हणतात ते मुष्टियुद्ध तेवढे परके वाटते. पण तेही आता तितके दूर राहिलेले नाही. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाण या मुलीने २०२१ च्या एप्रिलमध्ये पोलंडात झालेल्या युवकांच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले.

आता तालमीत चला. नवा मुलगा येतो तो मारायलाच. त्याला वाटते, आज हातमोजे मिळणार. मिळते काय, तर दोरी! दोरीवरच्या उड्या, धावणे, जोर-बैठका. मग पवित्रा. कोणता पाय पुढे, टाच किती उचललेली, हनुवटी छातीकडे कशी, कोपरे बरगड्यांशी कशी. हाताला पट्टी बांधायची, तीही आपली आपण, व्यवस्थित. सैल बांधली तर मनगट दुखावणार. भिंतीवरची घंटा तीन मिनिटांनी वाजते, एक मिनिट विसावा, पुन्हा घंटा. तीन मिनिटांच्या फेरीचा हा नियम इंग्लंडात १८६७ साली छापलेल्या क्वीन्सबेरी नियमांतला. हातमोजे त्याच नियमांनी आले, आणि पडलेल्या माणसाला उठायला दहा अंक मोजण्याची सवलतही त्यांतच आहे. पडलेल्याला मारायचे नाही हे तिथे उपदेशाने नव्हे, नियमाने शिकवतात.

ज्या मुलाला केवळ कोणाला तरी बडवायचे असते तो या कंटाळ्यातच गळतो. जो टिकतो त्याच्या हाती काही महिन्यांनी मोजे येतात, आणि जोडीदारासमोर उभे राहण्याची वेळ येते. इथेच खरी गंमत आहे. पहिला ठोसा नाकावर बसला की डोळ्यांत पाणी येते आणि राग येतो. रागावलेला मुलगा काय करतो? हात लांबून फिरवतो, हनुवटी वर जाते, श्वास कोंडतो. अर्ध्या मिनिटात त्याचा दम संपतो, आणि उघड्या पडलेल्या तोंडावर आणखी दोन बसतात. राग वाईट असे त्याला कोणी सांगितले नाही. राग महाग पडतो हे त्याच्या अंगाला कळले. वर्गात आम्ही क्रोधावर तास-तास बोलतो. त्याने इतके साधत नाही, हे शिक्षक असूनही मी कबूल करतो.

दुसरी गोष्ट जोडीदाराची. सरावात समोरचा शत्रू नसतो, त्याच्यावाचून आपले शिकणे अडते. म्हणून जड मुलाने हलक्या मुलाशी हात आवरून खेळायचे. न आवरला तर वस्ताद त्याला बाहेर काढतो. ताकद असून ती न वापरणे ही कला माणसाला फार उशिरा येते. काहींना येतच नाही. सामना संपला की मुलगा प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात जाऊन त्याच्या वस्तादाला नमस्कार करून येतो, ही रीतही पाहण्यासारखी असते.

महंमद अलीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९५४ साली अमेरिकेतल्या लुईव्हिल गावी बारा वर्षांच्या या मुलाची सायकल चोरीला गेली. चोराला झोडपतो म्हणून रडत-ओरडत तो ज्या पोलिसाकडे गेला, तो जो मार्टिन तिथेच तळघरात तालीम चालवीत होता. मार्टिनने त्याला एवढेच सुचविले की झोडपायचे तर आधी लढायला शीक. सायकल मिळाली नाही. सहा वर्षांनी रोमला ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळाले. त्या दिवशी भेटला तो माणूस भलता असता तर?

हा प्रश्न मी उगीच विचारीत नाही. नॉर्वेमध्ये अकरा ते तेरा वर्षांच्या पावणेपाचशेच्या आसपास मुलांना दोन वर्षे पाहून दोन संशोधकांनी २००५ साली निष्कर्ष काढला, की मुष्टियुद्ध, कुस्ती, वजने उचलणे असल्या खेळांतली मुले खेळाबाहेर अधिक दांडगाई करू लागली. त्यांच्या मते दोष नुसत्या डावपेचांचा नव्हता, तालमीतल्या 'मर्दपणा'च्या हवेचाही होता. उलट लोइक वाकां हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९८८ पासून शिकागोच्या गरीब वस्तीतल्या तालमीत तीन वर्षे स्वतः ठोसे खाऊन शिकला, आणि रस्त्यावरच्या मारामारीपासून पोरांना आडोसा देणारी जागा म्हणून त्याने तालमीचे वर्णन केले. त्याने आणखी एक बारीक गोष्ट नोंदविली: अगदी बेताल घरातली मुले तिथे फारशी टिकत नाहीत, कारण रोज वेळेवर येण्याची थोडी सवय आधीच लागते. तेव्हा तालीम बिघडलेल्याला सुधारते असे सरसकट म्हणणारांचेही जरा जपूनच ऐकावे.

दोन्ही ठिकाणी ठोसा तोच. फरक हवेचा, आणि हवा राखणारा असतो वस्ताद.

आणि डोक्याचे काय? वारंवार डोक्यावर मार बसलेल्या मुष्टियोद्ध्यांचा मेंदू दुबळा होतो, हे मार्टलँड या अमेरिकन डॉक्टराने १९२८ सालीच लिहून ठेवले आहे. वजनगटात बसण्यासाठी वाढत्या वयाच्या मुलांनी उपाशी राहणे, पाणी तोडणे, हेही घातकच. या गोष्टी लपवून ठेवणाऱ्या तालमीची स्तुती करण्यात अर्थ नाही.

म्हणून आईबापांनो आणि गुरुजी, पोराला पाठवण्यापूर्वी एक संध्याकाळ स्वतः जाऊन बसा. पदके किती टांगली आहेत ते पाहू नका. दुबळ्या मुलाची जोडी वस्ताद कोणाशी लावतो, पोरगा रागावला की त्याला थांबवतो की चिथावतो, मुलींशी तिथे कसे बोलतात, हे पाहा. निघताना सहज विचारा, नव्या मुलाच्या डोक्यावर ठोसा कधी पडू देता? "पहिल्याच आठवड्यात, भीती मोडते," असे उत्तर आले तर पोराचा हात धरा आणि घरी या.