नदीच्या उलट, पाण्याच्या संगे : कऱ्हाड ते चिपळूण सायकलने

सह्याद्रीच्या माथ्यावर जन्मलेल्या देशावरच्या नद्यांनी उगमापासूनच पूर्वेची वाट धरावी, असा या मुलखाचा सर्वसाधारण दंडक असला, तरी कोयना त्याला अपवाद आहे. महाबळेश्वरी उगम पावून ही नदी सह्याद्रीच्या मुख्य धारेशी समांतर अशी सुमारे पासष्ट किलोमीटर थेट दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ एकाएकी काटकोनात पूर्वेला वळते, आणि पाटणचे खोरे ओलांडून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भेटते. या संगमापासून हेळवाकपर्यंत नदीच्या उलट दिशेने, तेथून कुंभार्ली घाटाने कोकणात, आणि पुढे वाशिष्ठीच्या काठाने चिपळुणात, असा जो मार्ग आहे, तो सायकलवरून एकदा तरी करावा असे मला वाटते. त्याचे कारण निसर्गशोभा हे तर आहेच. परंतु ती मोटारीच्या काचेतूनही थोडीबहुत दिसते. महाराष्ट्राची भूमी पूर्वेला किती सावकाश आणि पश्चिमेला किती अविचाराने उतरते, याचे ज्ञान मात्र पायांना जितके नेमके होते, तितके नकाशाने होत नाही.

दूरच्या सायकल-मुशाफिरीची आपल्याकडची परंपराही काही कालपरवाची नव्हे. 1923 च्या ऑक्टोबरात मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून 1928 च्या मार्चमध्ये मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्या सायकलींना आजच्यासारखे डझनावारी गिअर नव्हते. ज्या सायकलीला नगरपालिकेचा कर भरून बिल्ला लावून घ्यावा लागे, त्या जुन्या जड सायकलीवरून कोयनाकाठची ही मजल आजही मारता येईल. फक्त घाट चढण्याऐवजी उतरण्याचीच दिशा धरावी. गिअरच्या सायकलीला पुढे लहान आणि मागे मोठे दातेरी चाक असले म्हणजे चिपळूणहून उलटा चढही शक्य कोटीतला होतो. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना समतोल लटकणाऱ्या पिशव्या, दोन जादा ट्यूबा, पंप, पान्हा आणि पाण्याच्या बाटल्या एवढी रसद पुरेशी आहे. पाठीवर मात्र ओझे घेऊ नये, कारण त्याने सकाळी खांदे आणि दुपारी मन दुखू लागते.

दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ या प्रवासास उत्तम. त्या दिवसांत कऱ्हाडहून पहाटे निघाले की नदीवरचे धुके उसाच्या फडांवर पसरलेले असते आणि कारखान्यांचा हंगाम चालू झालेला असतो. येथे सायकलस्वाराने एक सावधगिरी अवश्य बाळगावी : ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्यांतून ऊस बाजूंना हातहातभर बाहेर आलेला असतो, आणि पुढची ट्रॉली निघून गेली म्हणून रस्त्यावर परत आलेल्या माणसाला मागची ट्रॉली झोडपून जाते. गुहागरहून विजापुराकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग असल्यामुळे मालमोटारींची वर्दळही कमी नाही. म्हणून उजाडताच निघावे आणि उन्हे चढण्यापूर्वी मल्हारपेठ मागे टाकावी, हे बरे.

अशा बाजारगावी पंक्चर काढणारा कारागीर अजून सापडतो, आणि त्याचे काम जवळ बसून पाहण्यासारखे असते. तो चाक न काढताच टायरची एक कड दोन पट्ट्यांनी उचकटतो, ट्यूब बाहेर ओढून हवा भरतो, आणि घमेल्यातल्या गढूळ पाण्यात ती वीतवीत सरकवीत नेतो; बुडबुड्यांची बारीक माळ उठली की त्या जागी अंगठा ठेवून ट्यूब पुसतो, कानशीने तेवढाच भाग खरवडतो, सोल्यूशन लावतो आणि मग काहीही न करता स्वस्थ बसतो. नवशिका चुकतो तो या स्वस्थ बसण्यात. सोल्यूशन बोटाला चिकटेनासे झाल्यावरच ठिगळ दाबायचे असते. आणि ट्यूब परत आत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून रुतलेला बाभळीचा काटा काढायचा असतो, नाहीतर पुढच्या मैलावर तोच काटा तेच काम पुन्हा करतो.

पाटणपर्यंत रस्ता चढतो आहे असे वाटत नाही, आणि ते खरेच आहे. कऱ्हाड ते हेळवाक हे अंतर साठ किलोमीटरांच्या आसपास असूनही एकूण उंचीतली वाढ शंभर मीटरांचीही नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेल्या या कातळात नदीने आपले पात्र इतके रुंद आणि मंद कोरून ठेवले आहे की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येत गेले, तरी पायांना त्याची वर्दी फार उशिरा मिळते. उत्तरेच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात; पाटणच्या माथ्यावर दातेगड आहे, आणि तेथील अखंड कातळात खोदलेली पायऱ्यांची विहीर पाहण्यासाठी अर्धा दिवस मोडला तरी तो वाया जात नाही. उसाची जागा हळूहळू भाताची खाचरे घेतात, उतारावर नाचणी आणि वरी दिसू लागते, घरांची छपरे अधिक उतरती होतात. पाऊस वाढल्याची ही चिन्हे आहेत : कऱ्हाडास वर्षाला हजार मिलिमीटरांच्या आत पडणारा पाऊस, कोयना धरणाच्या जलाशयाकाठच्या नवजा गावी पोचेतो पाच हजारांच्या घरात जातो. एका दिवसाच्या पायडलीत येवढा पालट दाखविणारी खोरी फार थोडी.

कोयनानगर हा मुक्कामाचा गाव. 103 मीटर उंचीचे धरण आणि त्यामागचा 105.25 अब्ज घनफूट क्षमतेचा शिवसागर जलाशय यांमुळे या गावाचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेल्या भूकंपामुळे ते जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या दप्तरांतही गेले. पावणेदोनशेच्या आसपास माणसे त्यात दगावली. साठविलेल्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरलेला त्याचा दाब यांमुळे भूकंप घडू शकतो, या सिद्धान्ताचे कोयना हे आजही सर्वांत अभ्यासलेले उदाहरण आहे. त्यासाठी कऱ्हाडजवळ हजारमाचीला स्वतंत्र संशोधन-प्रयोगशाळा आहे, आणि खोऱ्यात तीन किलोमीटर खोल छिद्रही घेण्यात आले आहे. जलाशयाखाली गेलेल्या गावांचे लोक दूरदूरच्या तालुक्यांत वसविले गेले, आणि त्यांच्या जमिनींच्या फायली अनेक कचेऱ्यांतून अजून फिरत आहेत, हेही नेहरू उद्यानातून धरणाची भिंत पाहताना ध्यानात असावे.

या जलाशयाच्या दोन्ही तीरांवरचे अरण्य 1985 साली अभयारण्य झाले, 2010 मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात आले, आणि 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गणले गेले. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांच्या दाटीत शेकरूची एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर झेप सहज दिसते. दर सात वर्षांनी एकदमच फुलणारी कारवी उताराचे उतार जांभळे करून टाकते. अरण्याच्या गाभ्यात सायकलने शिरण्यास मुभा नाही, आणि नसावीही. परंतु नवज्याकडे, ओझर्डे धबधब्याच्या वाटेला जाणारा रस्ता पुरेसे दाखवितो. या रस्त्यांवर सूर्यास्तानंतर जाऊ नये. गवा रस्त्यावर उभा राहिला तर घंटी वाजविण्याचा मोह आवरावा, सायकलवरून उतरून मुकाट्याने मागे सरावे, आणि त्याची मर्जी होईपर्यंत थांबावे.

हेळवाकनंतर थोडा चढ चढून रस्ता सुमारे सहाशे मीटर उंचीवरून कुंभार्ली घाटात कोसळतो. दाभोळच्या बंदरात आणि चिपळूणच्या पेठेत उतरलेला माल कऱ्हाडच्या बाजारात नेणाऱ्या लमाणांच्या बैलांची ही जुनी वाट. इंग्रजी अमदानीत तिचा गाडीरस्ता झाला. उताराची मौज सर्वांनाच असते, त्याचे गणित थोड्यांना असते. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो धरले, तर सहाशे मीटर उतरताना जी शक्ती मोकळी होते, ती सुमारे दीड लिटर थंड पाण्याला उकळी आणण्यास पुरी पडेल. बेताने उतरणाऱ्याची ही बहुतेक उष्णता ब्रेकमध्येच जिरते. म्हणून ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक जोराने लावून वेग मोडावा, मग सोडून चाकांना वारा लागू द्यावा, आणि प्रत्येक दोन-तीन वळणांनंतर थांबून रिमला हात लावून पाहावा. चटका बसला तर पाच मिनिटे खाली पसरलेले कोकण पाहात बसावे; ब्रेकलाही विश्रांती, डोळ्यांनाही.

ज्या उताराने सायकलस्वाराचे ब्रेक तापतात, त्याच उताराने महाराष्ट्राचे दिवे लागतात. शिवसागराचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला नेऊन साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडले जाते. तेथून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा एकदा वीज काढली जाते आणि मग ते वाशिष्ठीला मिळते. या वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी 13 मार्च 1999 रोजी जलाशय रिकामा न करताच त्याच्या तळाखालच्या खडकाचा शेवटचा पडदा सुरुंगाने फोडण्यात आला. सर्व टप्पे मिळून 1,960 मेगावॉट क्षमता आहे. एका घनमीटर पाण्यातून पोफळीला एक युनिटाहून अधिक वीज मिळते. तुम्ही-आम्ही सामानासकट घाट उतरून एका युनिटाचा षष्ठांशही पदरात पाडू शकत नाही.

पोफळी, शिरगाव, अलोरे अशी गावे ओलांडीत चिपळूणकडे जाताना शेजारून वाहणारी वाशिष्ठी उन्हाळ्यातही भरलेली दिसते, याचे कारण हेच. जे पाणी निसर्गक्रमाने कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे, ते येथून दाभोळच्या खाडीने अरबी समुद्राला जाते. कृष्णेच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळविण्यासाठी ठरविलेला 67.5 अब्ज घनफुटांचा वाटा, सोलापूर-सांगलीच्या कोरड्या तालुक्यांची तक्रार, वीज हवी की पाणी हवे हा दर उन्हाळ्यात सभागृहात निघणारा वाद, आणि 2021 च्या जुलैमध्ये महापुरात बुडालेली चिपळूणची बाजारपेठ, या गोष्टी वर्तमानपत्रात वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात. या रस्त्यावर त्या एकामागून एक, ज्या क्रमाने पाणी वाहते त्याच क्रमाने भेटतात. ज्याने उसाच्या फडांपासून कोळकेवाडीपर्यंतचे अंतर स्वतःच्या दमाने कापले आहे, तो या वादात कोणाचाही पक्ष घेवो, निदान दुसऱ्या पक्षाचे शेत कोठे आहे आणि त्याची विहीर किती खोल आहे, हे त्याने पाहिलेले असते. आपल्या पाणीवाटपाचे निवाडे करणाऱ्यांनीही खोऱ्याची पाहणी एकदा याच वाहनाने करावी, अशी तजवीज व्हावयास हरकत नाही.