अल्पवयीन रुग्णाचा नकार

मनोरुग्णाला वस्तीपासून दूर, उंच भिंतींआड ठेवावे, ही समजूत आपल्या देशात दीर्घकाळ रूढ होती. तिला छेद देणाऱ्या संस्थांमध्ये चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेची गणना होते. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६३ मध्ये मनोविकार विभाग उभारला. इतर रोगांवर जेथे उपचार होत, तेथेच मनोविकारावरही होऊ लागले.

तथापि एक बिकट प्रश्न उरतोच. पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या जिवावर उठला आहे आणि तरीही रुग्णालयात राहण्यास नकार देत आहे; अशा वेळी काय करावे?

२९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने याचे उत्तर दिले आहे. अठरा वर्षांखालील रुग्णाच्या वतीने पालक अर्ज करतो. पण केवळ तेवढ्याने रुग्णालयाचे दार उघडत नाही. दोन तज्ज्ञांनी, त्यांपैकी निदान एक मनोविकारतज्ज्ञ, मुलास स्वतंत्रपणे तपासावे लागते. रुग्णालयाबाहेर उपचार शक्य नाहीत, अशी दोघांचीही खात्री व्हावी लागते. मुलाची इच्छा जाणून घेता येत असेल, तर तीही विचारात घ्यावी लागते.

दाखल झाल्यावर मुलास प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे आणि पालकाने अथवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने अहोरात्र जवळ राहावे, असा दंडक आहे. मुलीसोबत स्त्रीच असावी लागते. बहात्तर तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळास कळवावे लागते. हे मंडळ मुलाची भेट घेऊ शकते. मुक्काम तीस दिवसांचा झाला, तर मंडळाने सात दिवसांत फेरतपासणी करणे बंधनकारक आहे. साखळदंडास तर पूर्ण मनाई आहे.

एवढे असूनही मुलाचा नकार निर्णायक ठरत नाही. पालकाने मागणी केली, तर त्यास घरी सोडावे लागते; मुलाच्या मागणीस ते बळ नाही. म्हणूनच तज्ज्ञ, पालक आणि मंडळ यांनी त्याचे म्हणणे मनापासून ऐकणे, हाच त्याचा खरा आधार होय. रुग्णालयात असतानाच त्याला अठरावे वर्ष पूर्ण झाले, तर कायदा त्याला स्वतंत्र रुग्ण मानतो आणि स्वतःविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्याकडे येतो.