मंजूर पदे किती, रात्रपाळीला सिस्टर किती?

सरकारी रुग्णालयांतल्या रिक्त पदांची बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी येते. तिच्याभोवती काही समज घट्ट बसले आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सर्वात जुना समज असा, की डॉक्टर खेड्यात जायला तयार नसतात म्हणून जागा रिकाम्या राहतात.

तज्ज्ञ डॉक्टरांच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. भूलतज्ज्ञ नसला की ग्रामीण रुग्णालयात सिझेरियन होत नाही, अडलेल्या बाईला जिल्ह्याच्या गावी पाठवावे लागते. पण परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कक्षसेवक यांच्या जागांसाठी उमेदवारांची रांग असते. तिथे अडते ते भरतीच्या वाटेवर: बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम), मंजुरी, जाहिरात, परीक्षा, निकाल. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड परीक्षांचे पेपर फुटले, प्रकरण पोलिसांत गेले. १०,९४९ पदांची मोठी जाहिरात आली ती २०२३ मध्ये. निवृत्त होणारे मधल्या काळात निवृत्त होतच होते.

दुसरा समज नातेवाइकांच्या तोंडी असतो: ‘वीस सिस्टर आहेत म्हणे, दिसतात तर दोन-तीनच. बाकीच्या बसून असतात.’ या आरोपाने मला फार वाईट वाटते, कारण साधा हिशेब केला तरी तो टिकत नाही. तीस खाटांचा वॉर्ड घ्या. दर पाळीला पाच सिस्टर हव्यात असे धरू. सकाळ, दुपार, रात्र मिळून दिवसाच्या पंधरा ड्युट्या, आठवड्याच्या एकशे पाच. साप्ताहिक सुट्टी धरून एक सिस्टर आठवड्याला सहाच ड्युट्या करते, म्हणजे अठरा जणी इथेच लागल्या. आजारपण, बाळंतपणाची रजा, प्रशिक्षण यांसाठी राखीव धरल्या की आकडा वीसच्या पुढे जातो. म्हणजे कागदावर वीस सिस्टर असणे आणि वॉर्डात एका वेळी पाच असणे, ही एकच गोष्ट आहे. वीसपैकी सहा जागा रिकाम्या असल्या की एका पाळीला कशाबशा तिघी-चौघी उरतात. एखादी रजेवर गेली की रात्री दोघींवर तीस रुग्ण, सलाईन, इंजेक्शने आणि नोंदी येतात. सरासरीत तीस टक्के वाटणारी तूट रात्री निम्म्याहून मोठी होते.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मनुष्यबळाचा प्रश्न न्यायालयासमोर आला.

‘कंत्राटी म्हणजे तात्पुरते’ हाही गैरसमजच. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, आणि त्यातून नेमलेल्यांपैकी अनेकांनी थोड्या-थोड्या महिन्यांच्या नेमणुकांवर दहा-पंधरा वर्षे काढली. नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष, क्षयरोगाचा कार्यक्रम, लसीकरण ही रोजची कामे त्यांच्या हातांवर चालतात. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांनी संप केला. मार्च २०२४ मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा शासन निर्णय निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संपावर जावे लागले. बालकांच्या कक्षात वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरला ‘तात्पुरती’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

नवे महाविद्यालय उघडले की रुग्णालयाचे मनुष्यबळ लगेच वाढते, असेही अनेकांना वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत गडचिरोली, वाशीम, हिंगोली, भंडारा ही नावे होती. अशा ठिकाणी सहसा आधीचे जिल्हा रुग्णालयच महाविद्यालयाला जोडले जाते. खाटा त्याच असतात. नवी पदे मंजूर होतात, पण भरतात टप्प्याटप्प्याने.

आशाताईंना तर लोक आरोग्य खात्याच्या नोकर समजतात. त्या मानधनावर आणि कामागणिक मोबदल्यावर काम करणाऱ्या स्वयंसेविका आहेत. वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही.

आपल्या रुग्णालयाचा आकडा जाणून घ्यायचा असेल, तर राज्याच्या टक्केवारीवर थांबू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. त्या यादीसोबत एका महिन्याचे ड्युटीपत्रक मागा आणि रात्रपाळीचा रकाना आधी वाचा.