एक लिटरचं इंजिन आणि तेलात बुडालेला पट्टा

फोर्डच्या १.० इकोबूस्ट इंजिनाला २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा मोटार-पत्रकारांच्या परीक्षक मंडळाचा सर्वोच्च किताब मिळाला. त्याच इंजिनाला पुढे ब्रिटनमधल्या वैतागलेल्या गाडीमालकांनी ‘इकोबूम’ असं नाव ठेवलं. परीक्षक फसले होते किंवा मालक कांगावा करत होते, असं म्हणून यातला एक पक्ष निकालात काढणं सोपं आहे. पण दोघांचंही म्हणणं खरं होतं. परीक्षकांनी इंजिन नवं असताना पाहिलं, मालकांनी ते आठ-दहा वर्षं वापरलं. या दोन निकालांच्या मधल्या काळात जे घडलं त्याचा दोष बहुतेक लोक ‘एवढंसं इंजिन, त्यात टर्बो, टिकणार किती’ असं म्हणत इंजिनाच्या आकारावर टाकतात. पुरावा मात्र वेगळीकडे बोट दाखवतो. हे इंजिन लहान होतं म्हणून बिघडलं नाही. त्याच्या टिकाऊपणाचा भार लोखंडावरून काढून तेल, पाणी आणि रबर यांच्यावर टाकला गेला, आणि ही अदलाबदल गिऱ्हाइकाला कुणी नीट सांगितली नाही, हे खरं दुखणं आहे.

आधी यंत्र काय आहे ते पाहू. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, बोअर ७१.९ मिमी आणि स्ट्रोक ८२ मिमी. ब्लॉकने व्यापलेली जागा ए-४ कागदाएवढी, हे सांगताना फोर्डची जाहिरात थकत नसे. युरोपात ते २०१२ मध्ये फोकस गाडीत आलं, १०० आणि १२५ पीएस अशा दोन ताकदींत. १७० न्यूटन-मीटर टॉर्क १,४०० आरपीएमच्या आसपासच मिळू लागतो. टर्बो नसलेल्या १.६ लिटरच्या इंजिनाला एवढ्या खालच्या फेऱ्यांवर ते जमत नाही. चिमुकल्या टर्बोचं चाक मिनिटाला २ लाख ४८ हजार फेऱ्यांपर्यंत फिरतं. त्या काळी सगळे ॲल्युमिनियमच्या मागे असताना ब्लॉक मुद्दाम बिडाचा ठेवला, कारण बीड मजबूत असतं आणि थंड इंजिन त्यामुळे लवकर तापतं. तीन सिलिंडरची अंगभूत थरथर मोडायला सहसा एक वेगळा बॅलन्स शाफ्ट घालतात. तो इथे नाही. त्याऐवजी फ्लायव्हील आणि पुढची पुली यांचं वजन हिशेबाने असमतोल ठेवून एका थरथरीने दुसरी मारली आहे. हा भाग खरोखर हुशारीचा आहे आणि त्याने कुणाला त्रास दिल्याचं ऐकिवात नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतला असून त्याच्याभोवती कूलंट खेळतं. त्यामुळे टर्बोकडे जाणारा धूर थोडा निवतो आणि नुसतं थंड करण्यासाठी जास्तीचं पेट्रोल ओतावं लागत नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर युरोपच्या कायद्यात आहे. नव्या गाड्यांचं सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २०१५ पर्यंत किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणा, असं युरोपीय संघाने २००९ मध्ये कंपन्यांना बजावलं. १०० पीएसच्या पहिल्या फोकसने प्रयोगशाळेतल्या चाचणीत १०९ ग्रॅमचा आकडा दिला. प्रत्येक ग्रॅमसाठी घासाघीस चालू असताना घर्षण वाचवणारी कुठलीही युक्ती सोन्याच्या मोलाची होती, आणि त्यातलीच एक म्हणजे तेलात चालणारा टायमिंग बेल्ट. साधा रबरी बेल्ट इंजिनाच्या बाहेर, कोरडा असतो. साखळी आत, तेलात असते. फोर्डने रबरी बेल्टच आत घातला. आवाज कमी, घर्षण कमी, जागाही कमी. बदलण्याची मुदत दहा वर्षं किंवा सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटर, म्हणजे पहिल्या मालकाने विचारही करू नये इतकी लांब.

इथेच मेख आहे. तेलात राहणारं रबर त्या तेलाच्या रसायनावर जगतं. फोर्डने ठरवून दिलेलं पातळ ५डब्ल्यू-२० तेल वेळेवर बदललं तर बेल्ट पुष्कळ चालतो. चुकीचं तेल घातलं, तेच तेल लांबवलं, किंवा गाडी रोज दोन-चार किलोमीटर चालवून बंद केली, तर हिशेब बिघडतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन थंड असेल तर त्यातलं थोडं भिंतीवर बसून रिंगांच्या वाटेने खाली तेलात उतरतं. लांबच्या प्रवासात ते उडून जातं, छोट्या फेऱ्यांत साचत राहतं. अशा तेलात रबर फुगतं, भेगाळतं, त्याचे कण सुटतात आणि चेंबरमधल्या तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात. मग तेलाचा दाब पडतो आणि सगळ्यात आधी उपाशी मरतो तो मिनिटाला लाखो फेऱ्या मारणारा टर्बो, पाठोपाठ बेअरिंगं. बेल्ट तुटायच्या आधीच इंजिन गेलेलं असू शकतं. गॅरेजमध्ये बिलावर ‘टर्बो बदलला’ असं लिहिलं जातं आणि जाळी कुणी पाहत नाही, म्हणून नवा टर्बोही जातो. ऑइल पंपही असाच तेलातल्या पट्ट्यावर चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत फोर्डने फोकस आणि इकोस्पोर्ट मिळून सुमारे १ लाख ४० हजार गाड्या याच पट्ट्यासाठी आणि त्याच्या टेन्शनरसाठी परत बोलावल्या. तेलाचा दाब जाऊन इंजिन जाम होऊ शकतं आणि ब्रेकला मिळणारी मदतही जाऊ शकते, असं कारण दिलं. त्यातल्या इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या मराईमलई नगरच्या कारखान्यात बनून गेल्या होत्या.

दुसरं दुखणं पाण्याचं. सुरुवातीच्या गाड्यांत कूलंटच्या टाकीकडे जाणारी एक प्लास्टिकची नळी उष्णतेने ठिसूळ होऊन चिरत असे. नळी किरकोळ किमतीची. पण मॅनिफोल्ड हेडमध्येच असल्यामुळे या इंजिनात कूलंटवर उष्णतेचा बोजा आधीच जास्त, आणि एकूण कूलंट कमी. ते निघून गेलं की हेड काही मिनिटांत वाकतं किंवा तडकतं. त्यातून या पहिल्या गाड्यांत कूलंटची पातळी सांगणारा सेन्सर नव्हता. तापमानाचा काटा पाणी असतानाच खरं बोलतो. पाणीच नसेल तर सेन्सर वाफेत लटकतो आणि चालकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एवढी उष्णता एका नळीच्या भरवशावर सोडायची आणि ती फुटल्याची वर्दी देणारं काही ठेवायचं नाही, ही कंजुषी समर्थनीय नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: एक लिटरमधून १२५ पीएस काढले तर इंजिन पिचणारच. तसं असतं तर आधी पिस्टन, क्रँक, ब्लॉक गेले असते. फोर्डने २०१२ मध्ये हेच इंजिन २०५ पीएसपर्यंत चढवून एका रस्त्यावर चालणाऱ्या फॉर्म्युला फोर्ड गाडीत बसवलं आणि नुरबर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकची फेरी ७ मिनिटं २२ सेकंदांत मारली. एका फेरीने टिकाऊपणा सिद्ध होत नाही हे मान्य. पण धातूत दम होता एवढं तरी कळतं. या आक्षेपातलं खरं इतकंच, की कमी फेऱ्यांवर जास्त दाब देणाऱ्या इंजिनांत वेळेआधीच ठिणगीशिवाय पेट घेण्याचा धोका असतो. त्याला आळा घालणारी एपीआय एसएन प्लस ही तेलाची श्रेणी २०१८ मध्ये आली. म्हणजे उपाय पुन्हा तेलातच.

दुसरा आक्षेप म्हणतो की बेल्टच नको, साखळी हवी. ती आयुष्यभर चालते. फोक्सवॅगनच्या आधीच्या पिढीतल्या १.२ आणि १.४ टीएसआय इंजिनांच्या मालकांना हे वाक्य ऐकवून पाहावं. त्या साखळ्या ताणल्या जात, टेन्शनर दगा देत. म्हणून २०१२ मध्ये आलेल्या ईए२११ मालिकेत फोक्सवॅगन साखळी सोडून कोरड्या बेल्टकडे गेली. याच मालिकेतलं ९९९ सीसीचं, ११५ पीएसचं १.० टीएसआय आज पुण्याजवळच्या चाकणला बनणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या गाड्यांमध्ये आहे. फोर्डने उलटा प्रवास केला: पुढच्या पिढीत टायमिंगसाठी साखळी आणली, ऑइल पंपाचा पट्टा मात्र तेलातच ठेवला. एकमेकांच्या विरुद्ध दिशेने गेलेल्या या दोन कंपन्यांकडे पाहिलं की साखळी की बेल्ट हा वाद फोल वाटतो. बेल्ट नाइलाजाने बदलावा लागत असेल आणि तो सहज काढता येत असेल, तर तो बदलला जातो. आत, सीलबंद झाकणाखाली, खास हत्यारं लागणारा असेल तर माणूस पुढे ढकलत राहतो. चाकणच्या इंजिनालाही अडचणी आल्याच. २०२१ च्या पहिल्या कुशाकमध्ये फ्यूएल पंप बंद पडत होते आणि कंपनीला ते जास्त दणकट बनवून बदलावे लागले. तिथेही मुख्य धातू शाबूत होता, बिघाड भोवतालच्या भागात होता.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: नेमून दिलेलं तेल वेळेवर घाला, काही होणार नाही, दोष मालकाचा. नीट राखलेली हजारो इकोबूस्ट इंजिनं आजही चालतात, हे खरंच आहे. पण ज्या वस्तूचं आयुष्य एका विशिष्ट तेलावर अवलंबून आहे, तिच्या विक्रीत पीएस, न्यूटन-मीटर आणि मायलेज ठळक छापायचं आणि तेलाचा क्रमांक मॅन्युअलच्या मागच्या पानांत ठेवायचा, याला जबाबदारी मालकावर ढकलणं म्हणतात. गाडी तीन-चार वर्षांनी दुसऱ्या हातात जाते, अधिकृत सर्व्हिस सुटते आणि नाक्यावरचा मेकॅनिक डब्यात असेल ते तेल ओततो. हे घडणार हे ठाऊक असूनही ज्याने त्याला जागा ठेवली नाही, तो आराखडा अपुरा होता.

आपल्याकडे हे इंजिन जून २०१३ मध्ये इकोस्पोर्टमधून आलं. १२५ पीएस, कंपनीच्या दाव्याप्रमाणे लिटरला १८.९ किलोमीटर. चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीच्या आतली पेट्रोल गाडी कमी करात बसते, म्हणून इथे त्याचा आकार उत्सर्जनापेक्षा कराच्या सोयीचा ठरला. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं, पण त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. घेणाऱ्याने चमक आणि टायर पाहण्याआधी तेलाची बिलं मागावीत आणि कूलंटची नळी बदलली का ते विचारावं. २०१३-१४ च्या गाड्यांच्या बेल्टची दहा वर्षांची मुदत केव्हाच संपली आहे; बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असं धरून त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करावा, आणि मालक तयार नसेल तर गाडी सोडून द्यावी.