सांडपाण्याचे नळ गोठणे

सांडपाण्याचे नळ गोठणे : शीत हवामानाच्या प्रदेशांत हिवाळ्यात घरातील सांडपाणी वाहून नेणाऱ्या नळांत बर्फ साचून ते अंशतः वा पूर्णतः बंद होण्याची क्रिया. कॅनडा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग, उत्तर यूरोप इ. प्रदेशांत ही अडचण नेहमी उद्भवते.

कारणे : पुरवठ्याचे नळ सतत भरलेले असतात; गोठताना पाण्याचे आकारमान सु. ९ टक्क्यांनी वाढत असल्याने ते फुटतात. सांडपाण्याचा नळ एरवी रिकामा असल्याने योग्य उतार असल्यास सहसा गोठत नाही. अपुरा उतार, खचलेल्या भागात साचलेले पाणी, चरबीने अडलेला प्रवाह व गळकी तोटी ही त्याच्या गोठण्याची प्रमुख कारणे होत. तोटीतून ठिबकणारे पाणी थंड नळात थराथराने गोठत जाते. यामुळे पुरवठ्याचा नळ गोठू नये म्हणून तोटी किंचित उघडी ठेवण्याचा प्रचलित उपाय सांडपाण्याच्या नळास घातक ठरू शकतो.

ब्रिटनमध्ये संघनन प्रकारच्या बॉयलरमधील पाणी बारीक प्लॅस्टिक नळाने बाहेर सोडतात. हा नळ गोठल्यास बॉयलर आपोआप बंद पडतो. डिसेंबर २०१० मधील कडाक्याच्या थंडीत अनेक घरे अशा रीतीने ऐन गरजेच्या वेळी उष्णतेस मुकली.

बर्फ वितळविणे : प्रथम घरातील पाण्याचा वापर थांबवितात, अन्यथा मलिन पाणी उलट घरात येते. नंतर उघड्या नळावर खालच्या टोकाकडून वर अशा क्रमाने कोमट पाण्यात भिजविलेली फडकी किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवतात. यामुळे वितळलेल्या पाण्यास वाट मिळते. उकळते पाणी प्लॅस्टिकचे नळ मऊ करते. ज्योतीने आग लागण्याचा धोका असतो. दाहक रसायने बर्फावर तशीच साचून राहतात व पुढे काम करणाऱ्यास इजा करतात. जमिनीखालील नळ वाफेने किंवा गरम पाण्याच्या झोताने तज्ञांकडून मोकळे करून घेणे इष्ट असते.

प्रतिबंध : नळास दर मीटरला सु. २ सेंमी. उतार देतात व तो जमीन गोठण्याच्या खोलीखाली पुरतात. उष्णतानिरोधक वेष्टन उष्णतेचा ऱ्हास केवळ मंदावते, उष्णता पुरवीत नाही. म्हणून अतिशीत जागी विजेवर तापणारी तारही बसवितात. बंद ठेवावयाच्या घरात नळाच्या वाकड्या भागातील पाण्याऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉलयुक्त द्रव भरतात; एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने टाळणे आवश्यक असते.