अब्बांचं जहाज, एकास चारशे

खेळण्यांच्या दुकानात जहाज मागून बघा. युद्धनौका मिळेल, शिडांचं चाच्यांचं गलबत मिळेल, बुडालेली टायटॅनिक तर हमखास मिळेल. तेलाचं टँकर मिळणार नाही, धान्य-कोळसा वाहणारं मालवाहू जहाजही नाही. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरची आपली कितीतरी घरं ज्या जहाजांच्या कमाईवर उभी राहिली, त्यांना खेळण्यांत जागा नाही. ती हातानंच करावी लागतात.

आमच्या खाडीकाठच्या शाळेत प्रत्येक वर्गात चार-पाच मुलं अशी असतात, ज्यांचे वडील वर्षातले सहा ते नऊ महिने समुद्रावर असतात. "अब्बा काय करतात?" "शिपवर आहेत." उत्तर याच्या पुढे जात नाही. शिप कसलं, त्यात काय भरतात, अब्बा त्यावर नेमके कुठे उभे राहतात, काही ठाऊक नसतं. सुट्टीवर आलेला माणूसही घरात कामाचं फार बोलत नाही. आई आणि बायको काळजी करत बसतील, म्हणून गप्प राहतो. गेली दोन वर्षं आम्ही आठवी-नववीच्या मुलामुलींबरोबर जहाजांची प्रमाणबद्ध मॉडेलं करतो आहोत. निमित्त गणितातल्या गुणोत्तर-प्रमाणाचं.

सुरुवात टँकरपासून करावी, कारण ते करायला सोपं. मधला बराच भाग सरळ पेटीसारखा असतो; कोरायचं ते फक्त पुढे नाळेला आणि मागे सुकाणूपाशी. पेट्रोल-डिझेल वाहणारं मध्यम आकाराचं टँकर साधारण १८३ मीटर लांब, ३२ मीटर रुंद आणि तळापासून डेकपर्यंत १९ मीटर उंच असतं. १:४०० प्रमाण धरलं की लांबी पावणेसेहेचाळीस सेंटिमीटर, रुंदी आठ, उंची पावणेपाच. म्हणजे बारा मिलिमीटरच्या चार फळ्या एकावर एक चिकटवल्या की झालं. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची होत, ते हलकं लाकूड यासाठी उत्तम. तळाची फळी अखंड, वरच्या तीन आतून पोकळ. थर्माकोलही चालतो, पण त्यावर स्प्रेचा रंग थेट मारू नये, थर्माकोल विरघळतो. आधी कागद आणि फेविकॉलचे दोन थर द्यावेत.

या प्रमाणात माणूस चार मिलिमीटरचा होतो, बासमतीच्या दाण्यापेक्षा बुटका. हे कळल्यावर वर्ग क्षणभर शांत होतो. जगातलं सर्वांत लांब जहाज 'सीवाइज जायंट' हेही टँकरच होतं, ४५८ मीटरचं. ते २०१० साली आपल्या शेजारच्या गुजरातेत, अलंगच्या किनाऱ्यावर तोडलं गेलं. त्याचं १:४०० मॉडेल सव्वा मीटरला थोडं कमी, म्हणजे वर्गातल्या बाकाएवढं भरेल.

डेकवरचं सामान घरातच सापडतं. तेलाच्या पाइपांसाठी नारळाच्या झावळीचे बारीक हीर घ्यावेत. प्रत्यक्षातला चाळीस-पन्नास सेंटिमीटरचा पाइप या प्रमाणात तेवढाच बारीक येतो. जहाजाच्या मागच्या टोकाला उतारावर ठेवलेली नारिंगी जीवरक्षक नाव म्हणजे घासून रंगवलेला चिंचोका. राहण्याची इमारत मागे, तिच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'धूम्रपान निषिद्ध' लिहायला विसरू नये. टँकरवर ते असतंच. डेकचं झाकण मात्र सुटं ठेवावं, खरी गंमत त्याच्या आत आहे.

लांबी चारशेपट कमी झाली तर वजन किती कमी होईल? मुलं एका सुरात "चारशेपट" म्हणतात. मग लांबी, रुंदी, उंची तिन्ही चारशेनं भागायला लावायची. उत्तर येतं सहा कोटी चाळीस लाख. पूर्ण भरलेलं असं टँकर सुमारे साठ हजार टनांचं धरा. मॉडेलचं वजन आलं साधारण ९४० ग्रॅम. आता स्वयंपाकघरातला काटा आणायचा, मॉडेलमध्ये वाळू भरत जायची आणि ९४० ग्रॅम झाले की पाण्याच्या टबात सोडायचं. हल नीट कोरला असेल तर पाणी भाररेषेपाशी येऊन थांबतं. त्या क्षणी घनाचा हिसाब कुणाला पाठ करावा लागत नाही.

ही भाररेषा, म्हणजे वर्तुळातून गेलेली आडवी रेघ, मॉडेलवर काळजीपूर्वक काढावी. माल जास्त भरून जहाजं बुडत आणि त्यांबरोबर खलाशीही. सॅम्युएल प्लिमसोल या ब्रिटिश खासदारानं संसदेत यासाठी भांडण मांडलं आणि १८७६ च्या कायद्यानं जहाजांवर भाररेषेची खूण सक्तीची झाली. आमच्या मते मॉडेलवरची सर्वांत महत्त्वाची रेघ तीच आहे, पाइप एखादा कमी असला तरी चालेल.

झाकण काढून दुसरा प्रयोग. आतल्या पोकळीत प्लास्टिक अंथरून निम्मं पाणी भरा आणि बोटानं जरा कलवा. पाणी एका बाजूला धावतं आणि जहाज कलंडायला बघतं. मधोमध लांबीच्या दिशेनं एक पट्टी बसवा, पुन्हा कलवा. पाण्याच्या धावण्याचा परिणाम एकदम पावपट होतो. टँकरचं पोट अनेक टाक्यांमध्ये का विभागलेलं असतं, ते फळ्यावर समजावण्यात आम्ही पूर्वी दोन तास घालवत असू. पूर्वी तेल पिंपांतून आणि डब्यांतून जाई. जहाजाचं पोट हीच टाकी, अशी रचना १८८६ च्या 'ग्लुकआउफ'मध्ये महासागरावर आली. दुहेरी हल मात्र अगदी अलीकडचा. १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' खडकावर चढून सुमारे ३७ हजार टन तेल समुद्रात गेलं, त्यानंतर तो सक्तीचा होत गेला.

मॉडेल ओढण्याचाही हिसाब आहे. मुलं दोरी बांधून जोरात ओढतात, लाटा उसळतात, मोटरबोट होते. लांबी चारशेपट कमी, तर वेग चारशेच्या वर्गमुळानं, म्हणजे वीसपट कमी ठेवायचा. पंधरा नॉटचं जहाज टबात सेकंदाला ३९ सेंटिमीटर चालतं. हा नियम विल्यम फ्रूड यांचा. टॉर्की इथे १८७० च्या दशकात त्यांनी मेणाची मॉडेलं लांब हौदात ओढून तो जहाजबांधणीच्या कामी आणला.

आमचं पहिलं टँकर पालकसभेला टेबलावर ठेवलं होतं. एका मुलीचे वडील, टँकरवर पंपमन, त्याच आठवड्यात घरी आले होते. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "सगळं आहे, पण चालायची वाट कुठाय?" भरलेलं टँकर पाण्यात खोल बसतं, खवळलेल्या समुद्रात लाटा थेट डेकवरून जातात. म्हणून पाइपांच्या वरून, डेकपासून उंच, लोखंडी वाट असते. "रात्री पुढे जायचं झालं तर तिच्यावरूनच जातो," ते म्हणाले. मुलीनं विचारलं, "तिथं पडलात तर?" "म्हणून तर कठडा धरतो, बेटा." शेजारी तिची दादी बसली होती. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं.

वाट आता बसवली आहे, दुधाच्या पिशवीच्या पट्टीची. मुलीनं पुढचं काम स्वतःच काढलं आहे: फक्त एका टाकीचा आडवा छेद, १:१०० प्रमाणात. रुंदी ३२ सेंटिमीटर, उंची १९, मोठ्या बुटांच्या खोक्यात मावेल असा. बाहेरच्या आणि आतल्या भिंतीत दोन सेंटिमीटरचं अंतर आणि एका बाजूला तळापर्यंत उतरणारी शिडी. टाकी धुऊन झाली की माणूस तिथं उतरतो. आधी टाकीत हवा खेळवतात, मग यंत्रानं मोजतात. ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास आणि विषारी, ज्वलनशील वायू नाही, असं दिसल्याशिवाय कुणी पाय ठेवत नाही. तिनं पुठ्ठ्याचा पावणेदोन सेंटिमीटरचा माणूस कापून तळाशी उभा केला. वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. ते आता पुन्हा जहाजावर आहेत. त्यांनी सांगितलं, दोन माणसं हवीत, एक आत आणि एक वर झाकणापाशी. वरचा तिथून हलत नाही. दुसरा माणूस तिनं सोमवारी करून आणला.